एक मिलिलिटर द्रव, साडेतीन टक्के फरक: गॅस मीटर रात्रीच कमी का दाखवतो?

लक्षण आधी सांगतो. तुमच्याकडे हेच घडत असेल, तर पुढचं सगळं तुमच्या कामाचं आहे.

दिवसा पुरवठादाराचा मीटर आणि कारखान्यातला आपला ओरिफिस मीटर (पाइपात भोकाची प्लेट घालून तिच्या दोन बाजूंच्या दाबातल्या फरकावरून प्रवाह मोजणारा) जवळपास जुळतात. रात्री लोड, म्हणजे गॅसचा वापर, उतरला की आपला मीटर कमी दाखवायला लागतो आणि पहाटे फरक सगळ्यात मोठा असतो. सकाळी लोड चढला की पुन्हा जुळतं. दाबातला फरक मोजणारा ट्रान्समीटर कॅलिब्रेट करून आणला, काही दिवस बरे गेले, परत तेच. उन्हाळ्यात कोणाची तक्रार नसते, थंडी पडली की सुरू.

रायगड जिल्ह्यातल्या एका कारखान्यात मी इन्स्ट्रुमेंटेशन बघत होतो तेव्हा तीन हिवाळे या फरकाने आम्हाला झोपू दिलं नाही. आमचा मीटर कमी आणि पुरवठादाराचा जास्त, म्हणजे बिल जास्त लागतंय, असा सरळ अर्थ आम्ही काढला. दोन वर्षं पत्रं लिहिली. त्यांचा टर्बाइन मीटर दोनदा तपासायला लावला. चूक आमच्या बाजूला होती. ती शोधायला एवढा वेळ लागला, कारण आम्ही मोठ्या गोष्टीपासून सुरुवात केली आणि छोटी गोष्ट शेवटी पाहिली. तुम्ही उलट्या क्रमाने जा.

मांडणी अशी होती. ग्रिडचा गॅस साधारण ३० किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाबाने येतो, पीआरएसमध्ये (दाब कमी करणाऱ्या स्टेशनमध्ये) ४ किलोवर उतरतो, पुरवठादाराच्या टर्बाइन मीटरमधून जातो आणि तिथून दोनेकशे मीटरवर आमचा चेक मीटर, म्हणजे तोच ओरिफिस मीटर. ६ इंची लाइन, ओरिफिस प्लेटचा बीटा (भोकाचा व्यास भागिले पाइपचा व्यास) ०.५. दिवसा ताशी ३००० एससीएम (स्टँडर्ड घनमीटर), रात्री १२०० च्या आसपास. डीपी (प्लेटच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक) मोजणाऱ्या ट्रान्समीटरची रेंज ० ते २५०० मिलिमीटर पाणी. पाइप रॅकवर डोक्याच्या उंचीला आणि ट्रान्समीटर खाली, हाताशी यावा म्हणून छातीच्या उंचीला बसवलेला. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

आधी आकडेमोड, मग स्पॅनर

लाइनमध्ये द्रव येतोय हे कळल्यावर आमच्यात पहिली चर्चा झाली ती "ओला गॅस ओरिफिसला चकवतो" यावर. ते खरंच आहे. ओरिफिसचं सगळं गणित पाइपातून एकच अवस्था वाहतेय, नुसता गॅस किंवा नुसता द्रव, असं धरून केलेलं असतं. आयएसओ ५१६७ मध्ये ही अट स्पष्ट आहे. गॅसबरोबर थेंब वाहत असले की प्लेटवरचा दाबफरक वाढतो आणि मीटर गॅस जास्त दाखवतो. किती जास्त, याचं एक सोपं सूत्र मर्डॉकने १९६२ मध्ये दिलं. द्रव आणि गॅस यांच्या वस्तुमानाचं गुणोत्तर घ्या, त्याला गॅसची घनता भागिले द्रवाची घनता याच्या वर्गमुळाने गुणा. जो आकडा येतो त्याला लॉकहार्ट-मार्टिनेली गुणांक म्हणतात. त्याच्या १.२६ पट जास्त वाचन येतं. पुढे चिझमने आणि इतरांनी यात सुधारणा केल्या, पण अंदाजासाठी मर्डॉक पुरतो.

आमचे आकडे घालू. ४ किलो दाबाला गॅसची घनता घनमीटरला सुमारे ३.७ किलो. हलक्या कंडेन्सेटची (गॅसमधले जड घटक थंड होऊन बनलेल्या द्रवाची) सुमारे ७००. भागाकाराचं वर्गमूळ ०.०७३. गॅसच्या वस्तुमानाच्या १ टक्का द्रव वाहतोय असं धरलं, तर गुणांक ०.०००७३ आणि जास्त वाचन ०.०९ टक्के. म्हणजे एक दशांश टक्कासुद्धा नाही! आणि १ टक्का द्रव म्हणजे थोडाथोडका नव्हे. रात्रीच्या १२०० एससीएमला तो तासाला १२-१३ लिटर होतो. एवढा द्रव खरंच येत असता, तर सकाळपर्यंत नॉकआउट ड्रममध्ये (गॅसमधला द्रव वेगळा काढणाऱ्या टाकीत) शंभरएक लिटर साचले असते. आमच्या ड्रममधून आठवड्याला जेमतेम पाव बादली निघायची.

दुसरी गोष्ट त्याहून सोपी आणि तीच आम्ही दोन वर्षं पाहिली नाही. वाहत्या थेंबांमुळे ओरिफिस जास्त दाखवतो. आमचा कमी दाखवत होता. फरकाची दिशाच जुळत नव्हती.

म्हणून कुठल्याही तपासणीच्या आधी कागदावर दोनच गोष्टी लिहा: फरक किती, आणि कोणत्या दिशेला. द्रवाने होणाऱ्या प्रत्येक बिघाडाला स्वतःची दिशा असते. (दाब जास्त असेल तर थेंबांचा हिशेब बदलतो हेही ध्यानात ठेवा. ६० किलोला गॅसच चांगला जड झालेला असतो, तेव्हा त्याच १ टक्का द्रवाने वाचन सुमारे ०.३ ते ०.४ टक्के वाढतं. ट्रान्समिशन लाइनवर हा मोठा आकडा आहे, कारखान्याच्या हेडरवर नाही.)

खरा गुन्हेगार: इम्पल्स लाइन

प्लेटच्या दोन बाजूंचा दाब ट्रान्समीटरपर्यंत नेणाऱ्या दोन बारीक नळ्या म्हणजे इम्पल्स लाइन. अर्धा इंची नळी, आतला व्यास सुमारे १० मिलिमीटर. या नळीत १० मिलिमीटर उंचीचा द्रव उभा राहायला किती लागतो? सुमारे ०.८ मिलिलिटर. ड्रॉपरचे सोळा-सतरा थेंब.

आता हा एवढासा द्रव एलपीच्या, म्हणजे प्लेटनंतरच्या नळीत, ट्रान्समीटरच्या डोक्यावर उभा आहे असं समजा. कंडेन्सेटची घनता पाण्याच्या ०.७ पट, म्हणजे तो ७ मिलिमीटर पाण्याइतकं वजन एलपी बाजूवर टाकतो. ट्रान्समीटरला तितकाच कमी डीपी दिसतो.

दिवसा ३००० एससीएमला खरा डीपी ६२५ मिलिमीटर. त्यातून ७ गेले, राहिले ६१८. प्रवाह डीपीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असल्यामुळे चूक फक्त ०.६ टक्के. दोन वेगळ्या जातीच्या मीटरमध्ये एवढा फरक कोणी मनावर घेत नाही, "जुळतंय" म्हणतो. रात्री १२०० एससीएमला प्रवाह दिवसाच्या ४० टक्के, पण डीपी दिवसाच्या फक्त १६ टक्के, म्हणजे १०० मिलिमीटर. त्यातून तेच ७ गेले, राहिले ९३. चूक ३.६ टक्के.

द्रव दिवसाही तेवढाच होता. फक्त रात्री तो दिसू लागला. आमच्या तक्रारीचं सगळं रूप या दोन ओळींच्या गणितात होतं.

हाच द्रव ५० मिलिमीटर उभा राहिला, म्हणजे चहाचा एक चमचासुद्धा पूर्ण भरणार नाही इतका झाला, तर दिवसाची चूक २.८ टक्के आणि रात्रीची तब्बल १९ टक्के होते. एचपीच्या, म्हणजे प्लेटआधीच्या नळीत उभा राहिला, तर तेवढीच रक्कम उलट्या बाजूला जाते आणि मीटर जास्त दाखवतो. दोन्ही नळ्यांत सारखाच उभा राहिला, तर एकमेकांना खोडून टाकतो आणि काहीच कळत नाही. म्हणूनच रात्रपाळीतल्या कोणी घाईत एकच नळी ड्रेन केली की जो मीटर कालपर्यंत नीट होता तो आज बिघडलेला दिसतो. ड्रेन करायच्या तर दोन्ही करा.

झिरो चेक पास होतो, तरी चूक असते

आम्ही सगळ्यात जास्त फसलो ते इथे.

नेहमीचा झिरो चेक कसा करतो? मॅनिफोल्डवर (नळ्या आणि ट्रान्समीटर यांच्यामधल्या व्हॉल्व्हच्या संचावर) एलपीचा व्हॉल्व्ह बंद, इक्वलायझिंग (दोन्ही बाजू जोडणारा) उघडा, एचपी बंद. ट्रान्समीटरच्या आतल्या सेलच्या दोन्ही बाजू एक झाल्या, ट्रान्समीटरने शून्य दाखवलं, "ट्रान्समीटर ओके" असं रजिस्टरला लिहिलं. पण द्रव आहे मॅनिफोल्डच्या वरच्या नळीत. व्हॉल्व्ह बंद करताच त्याचं वजन सेलपर्यंत पोचतच नाही. झिरो शंभर वेळा पास होईल आणि द्रव शंभर वेळा तिथेच राहील. वर्कशॉपमध्ये नेऊन कॅलिब्रेट केला तरी तेच. बिघाड नळीत आहे आणि आपण तपासतोय ट्रान्समीटर.

मग कॅलिब्रेशननंतर काही दिवस बरं का जायचं? कारण ट्रान्समीटर काढताना नळ्या सुटायच्या आणि द्रव आपोआप गळून जायचा. श्रेय कॅलिब्रेशनला मिळायचं.

खरी परीक्षा म्हणजे प्रवाह शून्य, लाइन दाबाखाली, मॅनिफोल्डचे दोन्ही व्हॉल्व्ह उघडे आणि इक्वलायझिंग बंद. आता नळ्यांसकट सगळी व्यवस्था मोजली जाते. शून्याऐवजी उणे ७ किंवा अधिक १२ दिसलं की नळीत द्रव आहे. ही संधी फक्त शटडाउनमध्ये मिळते, म्हणून शटडाउनच्या यादीत ती आधीच लिहून ठेवा. लाइनचा दाब सोडला की संधी गेली.

चालू लाइनवर करायचं असेल तर असं. लोड स्थिर असताना वाचन टिपा, दोन्ही नळ्या एकामागून एक ड्रेन करा, ट्रान्समीटर पुन्हा सेवेत घ्या आणि त्याच लोडला परत टिपा. ट्रेंडवर पायरी पडली, म्हणजे वाचन एकदम वर किंवा खाली सरकून तिथेच स्थिरावलं, की कारण सापडलं. आम्हाला ही पायरी पहिल्यांदा दिसली ती जानेवारीतल्या एका पहाटे पाच वाजता. त्या पायरीने दोन वर्षांच्या पत्रव्यवहाराचं उत्तर दिलं.

एक चूक मात्र टाळा. दोन्ही ब्लॉक व्हॉल्व्ह उघडे असताना इक्वलायझिंग उघडू नका. गॅस एचपीकडून एलपीकडे मॅनिफोल्डमधूनच वाहायला लागतो आणि एका नळीतला द्रव दुसरीत ढकलतो. आधी कमी दाखवणारा मीटर तपासणीनंतर जास्त दाखवू लागला, असं सांगणारे मला भेटले आहेत. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी हेच केलेलं होतं.

ड्रेन करण्याआधी

हे काम साधं दिसतं, पण उघडतोय आपण जिवंत गॅस लाइन. परमिट, गॅस डिटेक्टर, ठिणगी न पडणारी हत्यारं, आसपास काही पेटतं नाही याची खात्री, हे सगळं आलंच. द्रव प्लॅस्टिकच्या बाटलीत घेऊ नका. स्थिर विद्युत साचते. अर्थिंग केलेलं छोटं धातूचं भांडं वापरा आणि व्हॉल्व्ह अगदी हळू उघडा. दाबाखालचं कंडेन्सेट बाहेर येताच उसळतं, त्यातला बराच भाग डोळ्यांदेखत गॅस होतो. वास घेऊन ओळखायचा प्रयत्न करू नका. त्यात बेन्झिन असू शकतं, काही ठिकाणच्या गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइडही.

एचपी आणि एलपीचा द्रव वेगवेगळ्या भांड्यांत घ्या आणि मोजा. दोन्हींची बेरीज नको, त्यांच्यातला फरक हवा. रजिस्टरमध्ये तारीख, वेळ, हवेचं तापमान, पाइपचं तापमान, ड्रेन करण्याआधीचा आणि नंतरचा डीपी, आणि दोन नळ्यांचे मिलिलिटर. बिलाचा वाद चालू असेल तर पुरवठादाराच्या माणसाला समोर उभं करून ड्रेन करा. द्रव एकदा ओतून दिला की पुरावा संपला. नंतर कितीही खरं बोललात तरी तो तुमचा शब्द ठरतो.

हा द्रव आहे तरी काय?

"आमचा गॅस आरएलएनजी आहे, त्यात द्रव येऊच शकत नाही." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की त्याचं उत्तर सविस्तर द्यायला हवं.

आरएलएनजी म्हणजे द्रवरूप करून आणलेला आणि पुन्हा गॅस केलेला नैसर्गिक वायू. द्रवरूप करताना गॅसमधलं पाणी आणि जड हायड्रोकार्बन काढून टाकावेच लागतात, नाहीतर इतक्या थंडीत ते गोठून यंत्रं तुंबवतील. त्यामुळे पुन्हा गॅस केलेला एलएनजी खरंच कोरडा आणि हलका असतो. पण तो तुमच्यापर्यंत येतो ती वाट कोरडी असेलच असं नाही. कॉम्प्रेसर स्टेशनवर ल्युब ऑइलचा धूर गॅसबरोबर निघतो. नवी लाइन टाकताना हायड्रोटेस्टचं (पाण्याच्या दाबाने केलेल्या चाचणीचं) पाणी खोलगट भागात राहिलेलं असतं आणि ते वर्षानुवर्षं थोडं थोडं सरकत येतं. गॅस कोरडा करणाऱ्या डिहायड्रेशन युनिटमधलं ग्लायकॉल वाहून येतं. शिवाय ग्रिडमध्ये देशी गॅसही मिसळतो. मुंबई हायचा शोध १९७४ मध्ये लागला, तिथला गॅस उरणला किनाऱ्यावर येतो. समुद्रातल्या अशा क्षेत्रांच्या मूळ गॅसमध्ये जड घटक भरपूर असतात, आणि उरणच्या प्रकल्पात त्यातून एलपीजीसारखे घटक वेगळे काढले जातात. पुढे जाणारा गॅस प्रक्रिया केलेलाच असतो, पण दवबिंदूच्या (ज्या तापमानाला गॅसमधून द्रव सुटू लागतो त्याच्या) किती जवळ आहे हे रोज सारखं नसतं.

निघालेला द्रव मोकळ्या हवेशीर जागी काचपात्रात ठेवला की बरंच कळतं. हलकं कंडेन्सेट बघता बघता उडून जातं. कॉम्प्रेसर ऑइल दुसऱ्या दिवशीही तसंच असतं आणि टिपकागदावर तेलकट डाग ठेवतं. ग्लायकॉल चिकट असतं, पाण्यात पूर्ण मिसळतं आणि उडत नाही. पाणी ओळखायला पेट्रोल पंपावर टाकीत पाणी बघण्यासाठी लावतात ती पेस्ट चालते. पक्कं उत्तर हवं असेल तर नमुना प्रयोगशाळेत द्या. आमच्याकडे मुख्यतः हलकं कंडेन्सेट आणि त्यात किंचित ऑइल निघालं.

आता थंडीच का, ते. दाब उतरला की नैसर्गिक गॅस थंड होतो, दर एका किलोला सुमारे ०.४ ते ०.५ अंश सेल्सिअस. ३० वरून ४ वर येताना १० ते १३ अंश गेले. उन्हाळ्यात गॅस पस्तिशीत आला तर पीआरएसनंतर तो बाविशीत असतो, काही बिघडत नाही. जानेवारीत तो चोविशीत आला तर अकरा-बारावर उतरतो, आणि जड घटक तिथे थेंब बनून बाहेर पडतात. आमच्या पीआरएसला हीटर नव्हता.

याबाबत एक गैरसमज चांगल्या चांगल्या लोकांत आहे: "दाब कमी केला की द्रव उलट उडूनच जाईल." पाण्याबाबत हे बऱ्यापैकी चालतं, हायड्रोकार्बनच्या मिश्रणाबाबत नेहमी नाही. बऱ्याच गॅसचा दवबिंदू मधल्या कुठल्यातरी दाबाला सगळ्यात जास्त असतो. त्यामुळे खूप वरच्या दाबावरून मधल्या दाबावर येताना, तापमान न बदलताही, द्रव सुटू शकतो. दवबिंदू किती, हा प्रश्न अर्धाच आहे. कोणत्या दाबाला, हेही विचारायला हवं, आणि गॅसच्या करारात दोन्ही आकडे सोबत पाहावेत.

आणि पावसाळ्यात पीआरएसच्या पुढचा पाइप बाहेरून घामाघूम होतो, तो द्रव आतला नव्हे. ती हवेतली वाफ आहे. त्यावरून पाइप थंड आहे एवढंच कळतं, आत काय आहे ते नाही.

दुरुस्ती

आमच्याकडे शेवटचं कोडं सुटलं ते एका जुन्या पाइप फिटर काकांमुळे. दोन्ही नळ्या ट्रान्समीटरकडे खालीच उतरतात, मग द्रव एलपीतच का साचतो, हे मला समजत नव्हतं. काकांनी एचपीच्या नळीवर स्पिरिट लेव्हल ठेवली आणि म्हणाले, "साहेब, हिला मध्येच झोळ पडलाय. हिचं पाणी झोळातच बसतंय, खाली येतच नाही. ती दुसरी सरळ आहे, तिचं सगळं तुमच्या मीटरवर." क्लॅम्प सुटला होता आणि दोन मीटर आडव्या नळीला हाताच्या दोन बोटांएवढा बाक आला होता. झोळातला द्रवही निरुपद्रवी नसतो. तो नळी मध्येच अडवतो, आणि दाब वर-खाली झाला की ट्रान्समीटरच्या बाजूला कोंडलेला गॅस त्याला इकडेतिकडे ढकलतो, त्यामुळे वाचन डोलतं.

गॅससाठी नियम साधा आहे. टॅपिंग (नळ्या जिथे पाइपाला जोडतात त्या जागा) पाइपच्या वरच्या बाजूने काढायच्या, ट्रान्समीटर टॅपिंगच्या वर बसवायचा, आणि नळ्यांना पूर्ण लांबीभर पाइपकडे उतार द्यायचा, निदान बारा इंचाला एक इंच. म्हणजे नळीत जे काही जमेल ते आपसूक पाइपात परत जाईल. नळ्या जितक्या आखूड तितक्या चांगल्या. पाव इंची नळी टाळा, इतक्या बारीक नळीत पाण्याचा थेंब नुसत्या पृष्ठताणाने अडकून राहतो. आमच्या टॅपिंग आडव्या होत्या, ट्रान्समीटर खाली होता आणि खाली ड्रेन पॉटही नव्हते. म्हणजे चुकायला जागा उरलीच नव्हती. ट्रान्समीटर वर नेला तर शिडी लागते, असं मेंटेनन्सचं म्हणणं होतं आणि ते खरंही आहे. आम्ही छोटा प्लॅटफॉर्म करून घेतला. जिथे वर नेणं शक्यच नाही, तिथे दोन्ही नळ्यांच्या तळाशी ड्रेन पॉट लावा आणि दर पाळीत दोन्ही रिकामे करा.

नळ्यांबरोबर प्लेटही काढून पाहा. पाइपाच्या तळाशी वाहणाऱ्या द्रवासाठी ओरिफिस प्लेट म्हणजे बांधच. ६ इंची लाइनला ०.५ बीटा असेल तर भोकाच्या खाली जवळपास ३८ मिलिमीटर उंचीची भिंत उभी असते आणि तिच्यामागे डबकं साचतं. प्लेटच्या आधी पाइपच्या तळाला ड्रेन ठेवा आणि तो वापरा. गॅस ज्या बाजूने येतो त्या प्लेटच्या तोंडावर तेलकट थर असेल, विशेषतः भोकाच्या काठाजवळ, तर मीटर कमी दाखवतो. काठ बोथट झाला तरीही कमीच. साफ करताना काठाला धातूचं काही लावू नका. परत बसवताना बेव्हल (भोकाची तिरकी कापलेली कड) गॅस ज्या बाजूला निघून जातो तिकडे आहे ना, हे दोन माणसांनी पाहावं. उलटी बसली तर दहा टक्क्यांहून जास्त कमी दाखवते, आणि ही चूक नवख्यांकडूनच होते असं नाही.

मीटरच बदलला तर?

हा सल्ला आम्हालाही मिळाला होता. बदला, पण द्रव सोबत येतो हे धरून चला.

टर्बाइनच्या पात्यांवर द्रवाचा पातळ थर बसला की मोकळी जागा घटते, गॅस वेगाने जातो आणि मीटर जास्त दाखवतो. तेच ऑइल बेअरिंगमध्ये कचरा घेऊन चिकटलं की चाक जड होतं आणि कमी प्रवाहाला मीटर कमी दाखवतो. खालच्या भागात साचलेला द्रव लोड चढताना एकगठ्ठा आला तर पाती तुटतात. स्पिन टेस्टची वेळ (चाक फिरवून सोडल्यावर थांबायला लागणारा वेळ) दरवर्षी लिहून ठेवा, गेल्या वर्षीपेक्षा ती घटली की समजा.

अल्ट्रासॉनिक मीटर (ध्वनिलहरींनी मोजणारा) पाइपचं पूर्ण क्षेत्रफळ गॅसचं आहे असं धरतो. २०० मिलिमीटरच्या पाइपात तळाला १० मिलिमीटर द्रव साचला, तर क्षेत्रफळाचा सुमारे १.९ टक्के भाग गेला आणि वाचन तेवढं वाढलं. ५ मिलिमीटरला ०.७ टक्के. मात्र हा मीटर आजारपण सांगतो: खालच्या ध्वनिमार्गाचा गेन (सिग्नल किती वाढवावा लागतो ते) चढतो, सिग्नल आणि नॉइजचं गुणोत्तर पडतं, मोजलेला ध्वनीचा वेग गॅसच्या घटकांवरून काढलेल्या वेगाशी जुळेनासा होतो. हे आकडे कोणी पाहत असेल तर माझी पसंती यालाच. कोरिऑलिस मीटर सगळंच वस्तुमान मोजतो, म्हणजे द्रवही गॅसच्या भावात जातो. त्याचा ड्राइव्ह गेन (नळी कंपत ठेवायला लागणारी ताकद) आणि घनतेचा ट्रेंड पाहत राहा.

प्लॅटफॉर्म झाल्यानंतरच्या हिवाळ्यात आमचा रात्रीचा फरक दिवसाच्या फरकाइतकाच राहिला. पुरवठादाराला लिहिलेली पत्रं आम्ही लेखी मागे घेतली आणि सोबत ड्रेनच्या नोंदी जोडल्या. त्या नोंदी पाहून त्यांनी फिल्टर सेपरेटरचे एलिमेंट बदलले. ते ऑइलने चिंब झाले होते. पीआरएसला हीटर अजून बसलेला नाही, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेडरचा तळाचा ड्रेन रोज सकाळी सातला उघडला जातो आणि निघालेले मिलिलिटर रजिस्टरमध्ये चढतात.